महाडचे पाणी आणि गावोगावच्या खुणा

मुंबई-गोवा महामार्गावरून महाड जवळ आले की गांधारपाल्याच्या डोंगरात काळ्या चौकोनांची एक रांग दिसते. येणाऱ्या-जाणाऱ्या बहुतेकांच्या नजरेला ती पडते, वर चढणारे मात्र थोडे. वर तिसाच्या आसपास बौद्ध लेणी आहेत. त्यांतल्या एका ब्राह्मी लेखात कुमार कानभोज विष्णुपालित याच्या दानाची नोंद आहे: लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, लेण्याच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या पोढ्या आणि लेण्याला जोडलेली वाट. पोढी म्हणजे खडकात खोदलेले टाके. लेख साधारण दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला. दान देणाऱ्याला पाणी आणि वाट या दोन्ही गोष्टी खोल्यांइतक्याच मोलाच्या वाटल्या, म्हणून त्याने त्या दगडावर कोरून ठेवल्या.

या डोंगरापासून थोड्याच अंतरावर, महाडच्या भर वस्तीत, चवदार तळे आहे. २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला जमलेले लोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर मिरवणुकीने तळ्यावर आले आणि तिथले पाणी ओंजळीने प्याले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्येच मंजूर केला होता. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले होते. तरीही १९२७ च्या मार्चपर्यंत प्रत्यक्षात अस्पृश्यांपैकी कोणाला त्या पाण्याला हात लावता आला नव्हता, आणि परिषदेसाठी लागणारे पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले होते. त्या दिवशी दुपारनंतर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले, पुढे १०८ घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली, प्रकरण कोर्टात गेले, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. निकाल आंबेडकरांच्या बाजूने होता.

एकाच गावात, पाण्याच्या एकाच प्रश्नावर, सतराशे-अठराशे वर्षांच्या अंतराने राहिलेल्या या दोन नोंदी. पहिली पाहायला लेण्यांची आवड असलेले येतात, दुसरी पाहायला दर वर्षी २० मार्चला लाखो माणसे येतात, आणि दोन्ही वाटा क्वचितच एकमेकींना मिळतात. स्थानिक वारशाचा अभ्यास जिथून सुरू होतो ती जागा मला या दोन वाटांच्या मध्ये दिसते. गावात जे जे काही पूर्वीच्यांनी खूण म्हणून मागे ठेवले, ते ते एकमेकांशेजारी ठेवून वाचायचे. त्यात लेणे येते, तळे येते, देवळाच्या पायरीवरचे नाव येते, वेशीबाहेरचा वीरगळ येतो, चावडीच्या भिंतीतली संगमरवरी पाटी येते. या अभ्यासाला विद्यापीठाची पदवी लागत नाही. शाळेतल्या गुरुजींनी, निवृत्त तलाठ्यांनी, देवळातल्या गुरवांनी आणि महाविद्यालयात नुकत्याच गेलेल्या मुलामुलींनी त्यात भर घालावी असा हा प्रांत आहे, आणि हे लेखन त्यांच्यासाठीच आहे.

आधी खुणेविषयी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. खूण आपोआप उरत नाही. कोणीतरी पैसे खर्च करून, पाथरवटाला बोलावून, जागा ठरवून ती उभी करतो. त्यामुळे दगडावर काय लिहिले आहे हे वाचून झाले की तो कोणी उभारला, कोणाच्या नजरेला पडावा म्हणून इथेच उभारला, आणि त्या वेळी याच गावात राहणाऱ्या कोणाकोणाचा त्यावर उल्लेख नाही, हे विचारायचे. रायगड महाड तालुक्यातच आहे. गडावरच्या जगदीश्वराच्या देवळात एका पायरीवर हिरोजी इंदुलकराचे नाव कोरलेले आहे, सेवेला तत्पर असा. ज्याने राजधानी बांधली त्याने आपले नाव शिखरावर घातले नाही, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय लागतील अशा जागी घातले. नुसता मजकूर उतरवून घेतला आणि तो पायरीवर आहे हे लिहायचे राहिले, तर लेखातला निम्मा अर्थ हातातून गेला. म्हणून जागेची नोंद मजकुराइतकीच काळजीने करायची, हे या अभ्यासातले पहिले आणि सर्वांत जास्त मोडले जाणारे पथ्य.

महाराष्ट्रातल्या गावांत सर्वांत जास्त भेटणारी खूण म्हणजे वीरगळ. भैरवनाथाच्या किंवा महादेवाच्या देवळाच्या कडेला, पाराला टेकून, कधी निम्मा मातीत गेलेला, कधी गटाराच्या काठाला आडवा टाकलेला. हा दगड खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा मरण: घोडेस्वार, ढाल-तलवार, धनुष्य, आडवा पडलेला वीर. तिथेच गाईगुरांची रांग कोरलेली असेल तर गावाची पळवून नेलेली गुरे सोडवताना तो मेला, असे समजायला जागा असते. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेतात. त्याच्याही वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, शेजारी पुजारी. माथ्यावर कलश, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चंद्र आणि सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत ही आठवण राहो, असा त्याचा अर्थ. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एक हात कोरलेला दगड दिसला तर ती सतीशिळा. तिच्याविषयी लिहिताना गौरवाची भाषा हाताशी असते, पण ती वापरू नये. तिथे एका बाईचे जळून मरणे नोंदवले आहे, आणि तेवढे सरळ लिहावे.

दुपारच्या उन्हात वीरगळ सपाट दिसतो. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जावे. तिरपा उजेड पडला की झिजलेल्या रेषासुद्धा सावलीने उठून येतात. तेही जमले नाही तर अंधार पडल्यावर विजेरी दगडाच्या अगदी बाजूने धरावी. मग घोड्याचा लगाम दिसतो, केसांचा बुचडा दिसतो, ढाल गोल आहे की लांबट हे कळते. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या नौकांची रांग आणि समुद्रावरची लढाई कोरलेली आहे. शिलाहार आणि यादव यांच्या तेराव्या शतकातल्या संघर्षाशी ती जोडली जाते. त्या काळच्या कोकणातल्या लढाऊ नौका कशा दिसत याचे इतके प्रत्यक्ष चित्र दुसरीकडे मिळणे कठीण, आणि तो पुरावा एका गावठाणात उभा आहे.

कर्नाटकातल्या पुष्कळ वीरगळांवर लेख असतो, आपल्याकडच्या बहुसंख्य वीरगळांवर तो नसतो. वीर कोण, कोणत्या साली पडला, कोणासाठी लढला, काहीच लिहिलेले नाही. गावाला तो ठाऊक होता, म्हणून लिहायची गरज वाटली नसावी. आज बहुतेक ठिकाणी गावाला तो ठाऊक नाही, पण गाव त्याला विसरलेलेही नाही. दिवाळीला तिथे पणती लागते, नव्या नवरानवरीला तिथे पाया पडायला नेतात, कुणाच्या तरी घराण्याचा तो मूळपुरुष असतो. ग्युंटर सोन्थायमर यांनी धनगर-गवळ्यांचे देव आणि हे स्मारकदगड एकत्र अभ्यासले ते याच धाग्याने. दगडाची पूजा कोण करते हे विचारल्याशिवाय दगडाचे काम पुरे होत नाही.

गधेगळ हा दुसरा दगड, आणि तो दाखवताना गावातली माणसे अजून संकोचतात. राजाने किंवा अधिकाऱ्याने दिलेले दान कोणी मोडले तर त्याच्या घरातल्या बाईला काय भोगावे लागेल, याचा शाप त्यावर गाढवाच्या चित्राने कोरलेला असतो. शिलाहारांच्या मुलखात हे दगड पुष्कळ आहेत. शाप अश्लील आहे म्हणून तो दगड उलटा करून ठेवल्याचे, नाहीतर सिमेंटमध्ये बुजवल्याचे प्रकार होतात. तसे करू नये. जमिनीच्या हक्काला कायद्याचा आधार कमी आणि भीतीचा जास्त, अशा काळाचा तो अस्सल कागद आहे. पुरुषाला जरब बसावी म्हणून शाप बाईच्या शरीरावर द्यायचा, ही रीतही त्यात जशीच्या तशी उतरली आहे. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख गधेगळावरच आहे. मराठीतल्या अगदी आरंभीच्या लेखांत तो गणला जातो. शं. गो. तुळपुळे यांनी तो शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा वाचला. या वाचनाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते असणे चांगले. मूळ दगड जागेवर असला की मतभेद मिटवायला पुन्हा त्याच्यापाशी जाता येते.

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातला चौऱ्यांशीचा शिलालेख शके ११९५ ते ११९९ मधला, रामदेवराव यादवाच्या काळातला. मंदिराला कोणी किती दान दिले याची ती लांबलचक यादी आहे. त्या शिळेला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या फेऱ्यातून सुटका होते, अशी श्रद्धा रूढ झाली आणि वारकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी पाठ घासली. अक्षरे झिजली. इथे कोणी दगडाचा अनादर केला असे म्हणता येत नाही. उलट, इतके प्रेम फार थोड्या शिलालेखांच्या वाट्याला आले असेल. अशा ठिकाणी श्रद्धेशी भांडण काढण्यापेक्षा लेख वेळेवर वाचून ठेवणे हा अभ्यासकाचा धर्म. शेंदराचेही तसेच. तेलात कालवलेला शेंदूर वर्षानुवर्षे चढत जातो, त्याची जाड खोळ तयार होते आणि आतली मूर्ती दिसेनाशी होते. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा थर २०२२ मध्ये जाणकारांच्या देखरेखीखाली उतरवला गेला, तेव्हा देवीचे मूळ रूप पुन्हा दिसले. गावातल्या उत्साही मंडळाने तारेचा ब्रश आणि ॲसिड घेऊन हेच करायला जाऊ नये. तैलरंगाचा डबा घेऊन तर मुळीच जाऊ नये. एका रविवारच्या ‘संवर्धना’त आठशे वर्षांचे कोरीवकाम बुजते.

आपल्या आधी या वाटेने गेलेली माणसे मोठी होती. वि. का. राजवाडे दफ्तरांच्या शोधात गावोगाव भटकले. १८९८ साली प्रसिद्ध झालेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड वाईला मिळालेल्या कागदांतून उभा राहिला, आणि पानिपतापर्यंतच्या घडामोडी त्या वेळच्या पत्रांतून बोलू लागल्या. पुण्यात बसून ते कागद हाती आले नसते. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. तिथे ग. ह. खरे यांच्यासारख्यांनी कागद आणि दगड या दोन्हींच्या वाचनाला शिस्त लावली. तुळपुळ्यांचे ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ १९६३ चे, आणि मराठी शिलालेखाकडे वळणाऱ्याने अजूनही तिथूनच सुरुवात करावी. दा. ध. कोसंबी पेशाने गणिती. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पालथ्या घालताना त्यांना धनगरांच्या जुन्या वाटा, त्या वाटांवरची देवीची ठाणी आणि त्याच वाटांवर सापडणारी अश्मयुगीन बारीक दगडी हत्यारे यांच्यात नाते दिसले. ते नाते त्यांना पायी चालल्यामुळे दिसले. मला कोसंबींचे उदाहरण नव्या अभ्यासकासाठी सर्वांत जवळचे वाटते: दुसरे काम करणारा माणूस आपल्या घराभोवतीच्या पाच-दहा मैलांत काय पाहू शकतो, हे त्यात आहे.

छापील साधनांत जुनी गॅझेटिअरे पहिल्यांदा हाती येतात. महाडसाठी कुलाबा जिल्ह्याचे १८८३ चे आहे. ती वाचावीतच, पण ती साहेबाने मामलेदार-कारकुनांकडून मागवलेल्या माहितीवर रचलेली आहेत हे ध्यानात ठेवून वाचावीत. कारकुनाची वस्ती कोणती, तो कोणत्या आळीत पाय ठेवत नसे, यावर काय लिहिले गेले आणि काय गाळले गेले हे ठरले. कोर्टाचे कागद ही उणीव कधी कधी भरून काढतात. चवदार तळ्याच्या खटल्यात तळ्याभोवती घरे कोणाची, रस्ता कोणाचा, पाणी आजवर कोण भरत आले, मुसलमान भरतात का, बंदीची वहिवाट खरोखर किती जुनी, असल्या प्रश्नांचा वर्षानुवर्षे खल झाला, आणि ती वहिवाट अनादि काळापासूनची असल्याचे सिद्ध होत नाही, असे उच्च न्यायालयाने म्हटले. एखाद्या गावाच्या एका तळ्याची इतकी बारीक विचारपूस दुसऱ्या कोणत्या कागदात सापडणार? आपल्या गावच्या विहिरीवरून, वाटेवरून, देवळाच्या मानपानावरून झालेले जुने दावे शोधावेत. भांडणात माणसे जे सांगतात ते सनदेत कधी येत नाही.

महाडची १९२७ ची घटनाही एकटी नाही. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ १८८८ चे, म्हणजे तळ्यावरच्या त्या सत्याग्रहाच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधीचे. तळ्यावर गेलेल्या मिरवणुकीमागे अशी दोन पिढ्यांची तयारी होती. या सत्याग्रहाची आठवण म्हणून महाडला उभारलेल्या क्रांतिस्तंभासमोर उभे राहणाऱ्याने रावढूळची वाटही विचारावी.

आता दंतकथांविषयी. पांडवांनी एका रात्रीत बांधलेले देऊळ, कोंबडा आरवल्यामुळे अर्धे राहिलेले शिखर, गडापर्यंत जाणारे भुयार हे प्रत्येक गावात असते. ते सगळे लिहून घ्यावे, सांगणाऱ्याच्या शब्दांत. पांडवांविषयी त्यातून काही कळणार नाही, पण देऊळ कोणी बांधले याची आठवण कधी तुटली, आणि तुटल्यावर गावाने तिथे काय भरले, हे कळेल. मला खरी काळजी ‘शिवकालीन’ या शिक्क्याची वाटते. हल्ली कोणतीही विहीर, कोणताही बुरूज, अगदी पेशवाईच्या उत्तरार्धातला वाडासुद्धा शिवकालीन म्हणून सांगितला जातो, तशा पाट्या लागतात, आणि त्या पाटीमुळे यादवांचा, बहमनी सुलतानांचा, कुणा देशमुखाचा, कुणा सावकाराच्या विधवेचा त्या वास्तूवरचा हक्क पुसला जातो. महाराजांच्या थोरवीला अशा उसन्या विहिरींची गरज नाही.

कायद्याचा आधार आहे, पण तोकडा आहे. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा असे दोन पुरातत्त्व कायदे आहेत, आणि त्यांखाली महाराष्ट्रातली संरक्षित ठिकाणे शेकड्यांत मोजता येतात. वीरगळ, समाध्या, बारवा, वेशी हजारोंनी आहेत. त्या ग्रामपंचायतीच्या, देवस्थानाच्या, नाहीतर कुणाच्या परसातल्या. म्हणून गावाची स्वतःची नोंदवही हवी. प्रत्येक खुणेचा चारही बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. ती कोणत्या दिशेला तोंड करून आहे. आजूबाजूला काय आहे. लोक तिला काय म्हणतात. पूजा कोण करते. नोंद कोणत्या तारखेला केली. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल काहीही चोळू नये. ठसा घ्यायचा तर तो जाणकाराकडून: ओला कागद दगडावर बसवून ब्रशने ठोकतात, कागद अक्षरांच्या खाचांत शिरतो, मग वरून शाईची पुरचुंडी हलकेच फिरवली की अक्षरे पांढरी आणि बाकी कागद काळा होतो. दगड हलवणे अटळच झाले, रस्ता रुंद होतोय किंवा धरण येतेय, तर आधी नोंद आणि मगच पहार. बागेत रांगेने मांडलेले वीरगळ सुरक्षित असतात, पण ते कोणत्या वेशीवर उभे होते हे सांगणारा कागद सोबत नसेल तर ते मुके होतात.

नोंदी लवकर कराव्यात याला महाडच्या लोकांना कारण सांगावे लागत नाही. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारीचे पाणी बाजारपेठेत शिरले, घरे-दुकाने बुडाली. अशा पुरात सर्वांत आधी जातात ते खालच्या मजल्यावरच्या कपाटातले कागद: मोडीतली खरेदीखते, जुने फोटो, हिशेबाच्या वह्या. पाणी कुठवर चढले याची भिंतीवर सालासकट मारलेली रेघ हीसुद्धा ऐतिहासिक खूणच. रंगकाम करताना ती तेवढी सोडावी, आणि तिची जमिनीपासूनची उंची वहीत लिहून ठेवावी.

शेवटी एक काम, जे कोकणात आणि साताऱ्याकडे अनेक गावांत आजच हाती घेता येईल. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगाव छोट्या पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके मरण पावले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावची ४६ माणसे त्या युद्धात मरण पावली असे सांगतात. पाट्यांवर आकडे आहेत, माणसांची नावे नाहीत. मध्ययुगातल्या वीरगळांवरच्या वीरांची नावे आता मिळणार नाहीत, यांची मिळतील. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदींत पडलेल्या हिंदी शिपायांची नावे आहेत, बऱ्याच ठिकाणी गावासकट. जे परत आले त्यांच्या पेन्शनची पुस्तके अजून काही घरांत सापडतील. आणि कुणाच्या घरी त्या युद्धाचे चांदीचे पदक असेल तर ते हातात घेऊन त्याची कड पाहावी. तिथे शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत उठवलेली असते. ती तशीच उतरवून घ्यावी, आणि त्याच घरात तो कोणत्या आळीतला, त्याची जमीन कोणती, परत आल्यावर त्याने काय केले, हेही विचारावे.